रामेश्वरच्या फोटोतले हात

मी मूळचा किन्हीराजाचा, मालेगाव तालुक्यातला, म्हणजे आपल्या वाशिम जिल्ह्यातलं मालेगाव, नाहीतं बाहेरचे लोक दुसरंच मालेगाव धरून बसतात. घरी शेती होती, तवा कपाशी आन् ज्वारी, सोयाबीन मंग आलं. चार भावांत मी तिसरा. दहावीले गणितात दोनदा गेलो, आन् दोन्ही वेळा मास्तरनं वर्गात उभं करून सांगतलं की हा नापास हाय, मंग बाप म्हणे याचं डोकं चालत नाही पण हात चालतात, याले वस्तादकडे टाका. हे मी कायले सांगून राह्यलो ते पुढं कळन तुमाले. लिहून घेता ना? घ्या. माही बोली जशी हाय तशी लिहा, सुधरू नका.

वस्ताद म्हणजे मालेगावात मोटर भरायचं दुकान होतं त्याईचं, जळालेली मोटर खोलून नवीन तार भरून द्यायची. वस्तादनं सहा महिने मले पक्कडसुद्धा धरू देली नाही. फक्त एक बल्ब देला. होल्डरले दोन वायरी जोडलेला साधा बल्ब, आमी त्याले टेस्ट लॅम्प म्हणतो. वस्ताद म्हणत, आधी चालू लाइनीवर लावून पाहा, पेटला का? मंग जिथं काम करायचं तिथली लाइन बंद कर आन् तिथं लाव, इझलेला राह्यला का? मंग पुन्हा चालू लाइनीवर लाव, पेटला का? तीनही झाले की हात घाल. मी इचारलं, तिसऱ्यांदा काहून लावायचा जी? तं म्हणे, मधातच बल्ब उडाला असन तं? बल्ब नाही पेटला याचा अर्थ लाइन नाही असा होत नाही, बल्बच मेला असन असाही होते. एक दिवस मी दुसऱ्यावरच हात घालाले गेलो तं वस्तादनं मनगटावर लाकडी फूटपट्टी मारली, वळ चार दिवस होता. पण पुऱ्या उमरीत मले करंट लागला नाही. त्या एका फूटपट्टीवर मी चाळीस वर्षं काम केलं.

मंग माहं सोताचं दुकान झालं, लेकरं झाली, शिकली, डोळ्याले तार दिसेना तवा दुकान आवरलं. तवाच तालुक्याले एक खाजगी कौशल्य केंद्र निघालं, आता ते बंद झालं, संचालकही इथून गेले, नाव घेत नाही. त्याईले वायरिंग शिकवाले अनुभवी माणूस पाह्यजे होता. मले आधी बाहेर गावी प्रशिक्षणाले पाठोलं. तिथं एक मॅडम होत्या, त्याईनं सांगतलं की आता मार्क नाहीत, पहिला दुसरा नंबर नाही, किती दिवस बसला तेही नाही. एकेक काम घ्यायचं, आन् ते याले येते का नाही एवढंच पाहायचं. येत असन तं सक्षम. नसन येत तं अद्याप सक्षम नाही, मंग पुन्हा शिकवा, पुन्हा पाहा. शिकवणाऱ्यानं सोताच्या डोळ्यानं पाह्यल्याशिवाय सही करायची नाही.

काय सांगू तुमाले, तो अद्याप शब्द मले इतका आवडला. मी जेवणाच्या सुट्टीत एकटाच बसून म्हणून पाह्यला. मले गणितात कोनी अद्याप म्हटलं असतं तं काय झालं असतं, असं मनात आलं. म्हणजे ती पद्धत चांगली होती, हे मी आधीच सांगून ठेवतो, नाहीतं लोक म्हणतील म्हातारा पद्धतीवर ढकलून राह्यला. वस्तादनं जे फूटपट्टीनं केलं तेच त्याईनं कागदावर आणलं होतं. खराबी कागदात नव्हती.

वर्गात बावीस जण. त्यातला रामेश्वर मेडशीचा, पंचविशीचा, लग्न झालेला. हात चपळ आन् तोंड त्याहून चपळ. आन् उज्ज्वला धनजची, कारंजा तालुक्यातली, नवीनच लग्न होऊन मालेगावात आलेली, हातात हिरवा चुडा. सगळ्यांत साफ काम तिचं.

केंद्रात एकच अडचण होती. शिकायचा मोठा बोर्ड भिंतीवर लावलेला होता, पण त्याले लाइनच नव्हती. जोडणीचा अर्ज देलेला होता, आज येईन उद्या येईन. पोट्टे मेलेल्या बोर्डावर वायरी जोडत, मेलेल्या बोर्डावर बटन दाबत. रामेश्वर म्हणे, सर, या बोर्डाले हात लावला तं शॉक लागत नाही, उलट त्यालेच आपली दया येते. सगळे हसले, मीही हसलो. आता चालू लाइन नसन तं चालू जागी बल्ब लावून दाखवणार कसा? मी म्हटलं, जोडणी आली की दाखोतो. फळ्यावरही लिहिलं नाही, कारण ते फळ्यावर लिहायचं काम नव्हे, ते हातानं करायचं काम हाय. असं करत करत कोर्स सरत आला.

परीक्षक येणार त्याच्या आदल्या दिवशी संचालकांनी मले कॅबिनमध्ये बोलावलं. म्हणे, काका, तपासणीच्या कामाचे फोटो राह्यले, बावीस जणांचे बावीस फोटो पाह्यजेत, आन् फोटोत बल्ब पेटलेला दिसला पाह्यजे. चालू लाइन फक्त त्याईच्या कॅबिनमध्ये होती, तिथं नवा गालिचा टाकलेला, परीक्षकासाठी. म्हणे बावीस जण इथं नका आणू, एकालेच आणा, फोटोत हातच तं घ्यायचे हायेत. मी उज्ज्वलाले बोलावलं. बाकीच्यांले दुपारची सुट्टी देली. केंद्रात रबरी हातमोज्यांचा जोड एकच होता, तो तिनं घातला, मंग हात कोनाचे हायेत ते कळायचं कारणच नव्हतं. भिंतीले पाटी टेकवायची, पाटीवर खडूनं नाव, उज्ज्वलानं बल्ब लावायचा, संचालकांनी फोटो काढायचा, पाटी पुसायची, दुसरं नाव लिहायचं. बावीस वेळा. नावं मीच लिहिली, माहं अक्षर चांगलं म्हणून. मधात एकदा उज्ज्वला म्हणे, सर, हे बरं नाही वाटत. मी म्हटलं, उद्या परीक्षा झाली की सगळ्यांले मी सोता दाखोतो. संध्याकाळी बावीस नोंदवह्यांवर सह्या केल्या, कामाची ओळ वहीत छापलेलीच होती, तपासक म्हणजे टेस्टर नाहीतं बल्ब. तपासक आधी तपासून घेतो, सक्षम. तपासक आधी तपासून घेतो, सक्षम. खाली माही सही.

परीक्षक आले, फाइली पाह्यल्या, तोंडी इचारलं, गेले. मंग प्रमाणपत्रं वाटली, हार घातले, पेढे वाटले, आन् वर्ग पांगला. मी जे उद्या म्हटलं होतं तो उद्या आलाच नाही. मी कोनाले बोलावलंही नाही.

त्याच्या सातव्या का आठव्या महिन्यात रामेश्वरले करंट लागला. तो एका ठेकेदाराकडे लागला होता, विहिरीवरचे मोटरच्या स्विचचे डबे बदलायचं काम. डब्यातला मेन स्विच त्यानं खाली ओढला. जुना स्विच, त्याची एक पात गंजून चिकटलेली, खाली आलीच नाही, म्हणजे एक लाइन आतून चालूच राह्यली. त्यानं खिशातला टेस्टर लावला. टेस्टर नाही पेटला. सकाळच्या पावसात तो भिजून मेलेला होता, पण हे त्याले कसं कळावं? त्यानं उजवा हात घातला. दोन बोटं गेली, बाकीची वळेनाशी झाली, आन् फेकला गेला तं डोकं दगडावर आपटलं, तीन दिवस बेशुद्ध. आता पाहा, पोरगा बेपर्वा नव्हता. त्यानं स्विच ओढला, टेस्टर लावला. फक्त टेस्टर आधी चालू लाइनीवर लावून पाहायचा, हे त्याले माहीत नव्हतं. आन् माहीत नव्हतं कारण मी दाखोलं नव्हतं.

चौकशी झाली. चौकशीच्या साहेबांनी केंद्रातून फाइल मागवली आन् मले वाशिमले दवाखान्यात बोलावलं. साहेबांनी इचारलं, हे काम याने केलेलं तुम्ही स्वतः पाहिलं होतं का? मी काय म्हटलं असन? मी हो म्हटलं नाही. मी म्हटलं, सही माही हाय. साहेबांनी मान हलवली आन् लिहून घेतलं. मंग त्याईनं फोटो रामेश्वरले दाखोला. तो खाटेवर, हाताले ही मोठी पट्टी. त्यानं लय वेळ फोटो पाह्यला. म्हणे, नाव माहं हाय, मंग हात माहेच असतील. मले आठवत नाही साहेब. करंटनं याद गेली असन. मी खाटेपाशी थैली धरून उभा होतो, आन् मी काही बोललो नाही. साहेबांनी शेरा लिहिला, प्रशिक्षित कामगाराचा निष्काळजीपणा.

पोटापाण्याचं म्हणान तं त्याच्या साळ्याची मेडशीले पिठाची चक्की हाय, तिथं तो बसाले लागला. पण खरी गोष्ट ती नाही. खरी गोष्ट ही की त्या माणसानं मनात पक्कं धरलं की आपली याद फुटली हाय. सरनं शिकोलं होतं, फोटो हाय, सही हाय, आन् आपल्याले काहीच आठवत नाही, म्हणजे अजून काय काय गेलं असन कोन जाणे. बटनाले हात लावणं सोडलं. घरातला दिवाही बायको लावे, चक्कीचं बटनही बायकोच दाबे, कांता तिचं नाव.

एकदा मी अकोल्याहून येऊन राह्यलो होतो तं मेडशीच्या स्टँडवर यष्टी थांबली, आन् खिडकीखाली रामेश्वर. तो वर चढला, माह्या पायाले हात लावला, डाव्या हातानं. म्हणे, सर, तुमचं शिकोलेलं वाया घालोलं मी, माफ करा. आन् मी काय म्हटलं माहीत हाय? मी म्हटलं, जाऊ दे. जसं काही मीच मोठ्या मनानं त्याले माफ करून राह्यलो. यष्टी हालली, तो उतरला. त्या दिवसापासून जेवताना घास हातात राहे. घरची म्हणे, पोटात दुखते का? मी म्हणो, हो.

असे सहा वर्षं गेले. मंग एक दिवस दुपारची उज्ज्वला आली. ती आता कारंजाले सोताच शिकवते, वायरिंगच. म्हणे, सर, जुन्या नोंदवह्या असतील तं द्या, वर्गात दाखवाले पाह्यजे. केंद्र बंद झालं तवा कागदाचे खोके माह्याकडेच टाकून देले होते संचालकांनी. मी खोकं काढून देलं. ती खाली बसून पानं उलटत होती आन् मधातच थांबली. म्हणे, सर, हा माहा चुडा हाय.

रामेश्वरचा फोटो. बाकी एकवीस फोटोत मोजा कोपरापर्यंत नीट होता. या एकात हात थोडा वर झालेला, मोज्याची कड खाली घसरलेली, आन् मनगटापाशी हिरवी रेघ. बोटभर. साहेबांनी तो फोटो पाह्यला होता, रामेश्वरनं पाह्यला होता, मी तं कितीदा पाह्यला होता, कोनालेच दिसली नव्हती. बांगडी जिची होती तिलेच दिसली.

मी तिले सगळं सांगतलं. ती म्हणे, रामेश्वरभाऊले अजून माहीत नाही? मी मान हलवली. तिनं वही मिटली. मंग म्हणे, माह्या वर्गात मी एका फोटोत हात आन् तोंड दोन्ही घेते सर. तुमच्यापासूनच शिकली. बोलणं सरळच होतं तिचं, आवाज चढोला नाही, पण वस्तादच्या फूटपट्टीपेक्षा जोरात लागलं. वह्या तिनं नेल्या नाहीत. दारात म्हणे, मीही त्यात होती, तुमी नाही गेले तं मी जाईन.

दुसऱ्या दिवशी मी नोंदवही घेतली, थैलीत टेस्ट लॅम्प टाकला, कायले टाकला कोन जाणे, सवयीनं, आन् मेडशीची यष्टी धरली.

चक्की चालू होती, सगळ्याइच्या भुवया पांढऱ्या. रामेश्वर दळणाच्या डब्यांवर खडूनं नावं लिहीत होता, डाव्या हातानं. मले पाहून उठला, म्हणे, सर, तुमी? कांता, बंद कर. कांतानं बटन दाबलं, चक्की थांबली, आन् इतकं शांत झालं की मले वाटलं परत जावं. मी उभ्यानंच सांगतलं. बोर्डाले लाइन नव्हती ते, कॅबिनचं, पाटीचं, हातमोज्याचं. फोटो काढून त्याच्यासमोर धरला. त्यानं त्या हिरव्या रेघेवर बोट ठेवलं. कांतानं वाकून पाह्यलं आन् म्हणे, हा तं चुडा हाय.

रामेश्वर म्हणे, म्हणजे मले हे कोनी सांगतलंच नव्हतं.

मी म्हटलं, नाही.

म्हणजे मी इसरलो नाही.

नाही बापू, इसरला नाही.

कांता म्हणे, मी म्हणत नव्हती का? दळणाचा एक डबा तरी कधी दुसऱ्याच्या घरी गेला का तुमचा? रोज खडू घेऊन बसता, नावं लिहिता, कोनाचा कोणता डबा ते तुमाले न लिहिताही माहीत असते. ते तिनं नवऱ्याले म्हटलं. मंग माह्याकडे पाहून म्हणे, सर, मेडशीची यष्टी रोज येते. तुमाले सहा वर्षं काहून लागले?

मी भ्यालो होतो, एवढंच. सहीले भ्यालो, लोक काय म्हणतील त्याले भ्यालो. मी तिले तसंच सांगतलं, भ्यालो होतो माय.

रामेश्वर म्हणे, त्या दिवशी यष्टीत मी तुमच्या पाया पडलो सर. तुमी पडू देलं. तवा तरी सांगाले पाह्यजे होतं. एवढं बोलून तो बाहेर जाऊन बसला, पाण्याच्या पिंपाच्या बाजूले. मी आत बसलो. एक यष्टी गेली, दुसरीही गेली. कांतानं चक्की सुरू केली, दळण काढलं. मंग रामेश्वर आत आला आन् म्हणे, बल्ब आणला का?

मी थैलीतून काढून देला. चक्कीच्या स्विचच्या डब्यापाशी उभं राहून दाखोलं. चालू जागी, बंद जागी, पुन्हा चालू जागी. मंग बल्ब त्यानं धरला, सहा वर्षांत त्यानं बटनाले हात लावला नव्हता. दुसऱ्यावरच थांबला आन् म्हणे, झालं. मी म्हटलं, अद्याप नाही. त्याले हसू आलं. म्हणे, तो शब्द अजून हाय का सर? मी वही काढली, त्या जुन्या सहीवर आडवी रेघ मारली आन् बाजूले लिहिलं, अद्याप सक्षम नाही. म्हटलं, हे सहा वर्षांपूर्वी लिहाले पाह्यजे होतं. तो म्हणे, आज दुसरं काही लिहू नका. मंगळवारी या.

तवापासून मी दर मंगळवारी मेडशीले जातो. बाकीच्या वीस जणांलेही पत्रं टाकली, फोन केले, कोनी हसलं, कोनी शिव्या देल्या, सात जण मेडशीलेच येऊन शिकून गेले, चक्कीतच. चौकशीच्या कचेरीतही लिहून देलं, की ती सही खोटी होती, शेरा बदला, जे करायचं ते माह्यावर करा. पत्राची पोच आली, उत्तर नाही. शेरा अजून तसाच असन कागदात. म्हणून तुमाले सांगून राह्यलो, एका तरी कागदावर खरं असावं. माहं नाव खुशाल घाला. रामेश्वरचं घालू का म्हणून त्याले इचारलं, तं म्हणे, घाला, आन् गावही लिहा.

मागच्या मंगळवारची गोष्ट सांगतो आन् थांबतो. चक्कीच्या स्विचच्या डब्यातली एक वायर ढिली झाली होती, ती कसायची होती. बाहेर दळणवाल्या बाया बसलेल्या. रामेश्वरनं बल्ब चालू जागी लावला, पेटला. मेन स्विच ओढला. बंद जागी लावला, नाही पेटला. आता तिसऱ्यांदा लावणार, तं पुऱ्या मेडशीची लाइन गेली. पंखा थांबला, समोरच्या दुकानातला रेडिओ बंद झाला. एक म्हातारी म्हणे, आता तं लाइनच गेली बापू, आता कायचा भेव, घाल हात आन् उरक, माह्या घरी पाहुणे हायेत. मी कोपऱ्यात बसलो होतो. मी तोंड उघडलं नाही, मानही हलवली नाही.

रामेश्वर म्हणे, बसा मावशी. बल्ब खरं बोलला का खोटं, ते लाइन आल्याबिगर मले कळत नाही. आन् तो खाली बसला, बल्ब मांडीवर ठेवून. म्हातारी बडबडत राह्यली, तो हसत राह्यला. अर्धा तास, पाऊण तास झाला असन. लाइन आली, रेडिओ सुरू झाला. तो उठला, चालू जागी बल्ब लावला. पेटला. मंग बल्ब कांताकडे देला आन् हात डब्यात घातला. उजवा. दोन बोटं नसलेला. वळत नाही तरी त्यानं वायर दाबून धरली आन् डाव्या हातानं स्क्रू कसला.

मी वही काढली आन् सही केली. फोटो काढला नाही. कांतानं त्या दिवशी पहिल्यांदा माह्यासमोर चहा ठेवला. मी पिला.

आता माहं काय राह्यलं? गुडघे दुखतात, यष्टीची पायरी उंच लागते. वही मी उज्ज्वलाले देऊन टाकली, ती वर्गात दाखोते, खोडलेल्या सहीसकट, मीच तसं सांगतलं. जे लेकरं या धंद्यात येतील त्याईचे दहाही बोटं जागेवर राहोत. त्या वीसातले तेरा जण अजून बाकी हायेत.